अक्षराचे सव्वीस सामने

१७ ऑगस्ट, रविवार

ही वही घेतली ती श्रद्धाच्या सांगण्यावरून. सांगण्यावरून म्हणजे वैतागण्यावरून. दहा दिवसांपूर्वी आमची लेक अक्षरा जर्मनीला गेली आणि तेव्हापासून मी तिला रोज तीन-चार लांबलचक मेसेज पाठवतो आहे. पाणी पी. स्ट्रेचिंग टाळू नकोस. कोचला स्वतःहून भेट. काल रात्रीच्या जेवणाला श्रद्धा म्हणाली, "श्रीनिवास, तुला ज्या काय सूचना द्यायच्यात त्या वहीत लिहून काढ. वही तुला ब्लॉक करणार नाही."

बायको नर्स असली की बोलणं असं इंजेक्शनसारखं असतं.

तर लिहितो. अक्षरा पेंडसे, वय बावीस, जन्म इथलाच, लंडनच्या हाउन्सलोचा. मॅथ्समध्ये फर्स्ट क्लास. एडिनबरातल्या एका विमा कंपनीत ॲक्च्युअरीची, म्हणजे जोखमीचं गणित मांडायची, नोकरी हातात असताना ही मुलगी जर्मनीच्या बायकांच्या फुटबॉलमध्ये, त्यातही दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, लिंडेनब्रुख नावाच्या गावाकडून खेळायला गेली आहे. कंपनीने जागा वर्षभर राखून ठेवली, ती माझ्या चिकाटीमुळे. तीन पत्रं लिहिली त्यांना. शब्द माझे, नाव तिचं. नर्सरीपासूनचे तिचे सगळे फॉर्म मीच भरत आलोय. तिचा ईमेलही ती बारा वर्षांची असताना मीच उघडून दिला आणि पासवर्ड माझ्याकडे असतो. इथल्या मराठी मंडळातल्या निम्म्या आईबापांकडे मुलांचे पासवर्ड आहेत, त्यात काही विशेष नाही.

घरात ठरलंय ते असं: एक सीझन. मे महिन्यात क्लबने पुढचं कॉन्ट्रॅक्ट दिलं तर ती तिकडे राहील, नाही तर निमूटपणे एडिनबराला जाईल.

खरं सांगायचं तर मला मे महिन्याची घाई झाली आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

पहिला सामना. क्लबच्या चॅनेलवर दिसतो. सगळ्या मैदानाला मिळून एकच कॅमेरा, तोही बांधकामाच्या परांचीवर चढवलेला. वारा सुटला की चित्र हलतं. मैदानाच्या एका बाजूला गवताचा उतार, त्यावर लोक सतरंज्या टाकून बसलेले. पाचएकशे असतील. आम्ही हरलो, ०-२. अक्षरा बेंचवर. नव्वद मिनिटांत ती दोनदा दिसली, एकदा बाटल्या आणताना आणि एकदा नेताना.

"आम्ही हरलो" असं लिहिलंय मी वर. ते "ते हरले" असं हवं होतं.

१४ सप्टेंबर, रविवार

बेंच.

१२ ऑक्टोबर, रविवार

सातवा सामना. आज शेवटची चार मिनिटं खेळवली. लेफ्ट-बॅक, म्हणजे डाव्या बाजूला मागे. तिने चेंडूला एकदा पाय लावला आणि तो बाहेर मारला. मी उठून टाळ्या वाजवल्या. श्रद्धा म्हणाली, बाहेर मारल्याबद्दल टाळ्या? मी म्हटलं, बाहेरच मारायचा होता. तसंच होतं की नाही, मला अजून ठाऊक नाही.

चौदा टीममध्ये आम्ही बारावे. खालच्या तीन टीम सीझन संपल्यावर तिसऱ्या डिव्हिजनमध्ये जातात. म्हणजे आत्ता आम्ही त्या तिघांत आहोत.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. अक्षराने व्हिडिओ कॉल केला. आमच्या कार्गोतून पाठवलेल्या चकल्या तिची अख्खी टीम खात होती. तिने कॅप्टनशी ओळख करून दिली. आंके नाव, वय तेहतीस, आणि ही बाई पोस्टात आहे. पहाटे गावात टपाल वाटते, दुपारी झोपते, संध्याकाळी ट्रेनिंगला येते. गोलकीपर प्राथमिक शाळेत शिकवते. एक जण दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस आहे. अक्षरा क्लबच्या लहान मुलींना शिकवते. फुटबॉल आणि फक्त फुटबॉल, असं त्यांच्यात फार थोड्यांचं चालतं.

मी पंचवीस वर्षं हीथ्रोच्या कार्गोत माणसांच्या शिफ्ट लावतो. पहाटेच्या शिफ्टनंतर माणूस काय उरतो हे मला विचारा. ती आंके त्यानंतर दोन तास धावते, आणि व्हिडिओवर चकली खात हसत होती. मी तिला इंग्रजीत म्हटलं, तुम्ही कमाल आहात. तिला वाटलं मी चकल्यांबद्दल विचारतोय. म्हणाली, खूप छान आहेत, पण कडक.

९ नोव्हेंबर, रविवार

मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात अजय भेटला. त्याचा मुलगा लंडनच्या बँकेत. "काय रे, लेक बुंडेसलिगात म्हणे?" मी म्हटलं, हो. "पहिल्या?" मी म्हटलं, दुसऱ्या. "आणि खेळते का?" मी विषय बदलून बटाटेवड्यांकडे गेलो.

१४ डिसेंबर, रविवार

हिवाळ्याच्या सुट्टीआधीचा शेवटचा सामना. तेरा सामन्यांत अक्षरा एकूण एकेचाळीस मिनिटं खेळली. अकरावा नंबर, म्हणजे खाईच्या एक पायरी वर. मी आतून खूश आहे. एकेचाळीस मिनिटांवर कोण कॉन्ट्रॅक्ट देणार? असं वाटणाऱ्या बापाला काय म्हणावं, तेही मला माहीत आहे.

२७ डिसेंबर, शनिवार

पोरगी दहा दिवस घरी आली आहे. दिवसभर झोपेल, श्रद्धाच्या हातचं खाईल, असं वाटलं होतं. ती रोज सकाळी हीथवर, घराजवळच्या माळावर, पळायला जाते. आज मी थर्मास घेऊन मागे गेलो. गवतावर बर्फाचा थर, कुत्री फिरवणारी दोन-तीन माणसं, आणि ही आडवी पळते आहे. मग उलटी. मान वळवून खांद्यावरून मागे बघत, पुढे न बघता, पुन्हा पुन्हा, त्याच वीस पावलांत. मी तासभर उभा होतो, चहा मीच संपवला.

परत येताना विचारलं, हे कशासाठी? ती म्हणाली, "बाबा, बॉलकडे तर सगळेच बघतात. मला माझ्या मागे कोण आहे ते बघायचं असतं."

मग मी म्हटलं, एडिनबराचं लक्षात आहे ना, जानेवारीअखेर कळवायचं आहे. ती "बघू" म्हणाली. आमच्या घरात "बघू" म्हणजे हो असतं.

२९ जानेवारी, गुरुवार

आज एक गोष्ट केली. लिहून ठेवतो.

कंपनीचा ईमेल आठवडाभर तिच्या इनबॉक्समध्ये पडून होता: तुम्ही सप्टेंबरमध्ये रुजू होणार हे ३१ तारखेपर्यंत कळवा. तिने उघडलेलाही दिसत नव्हता. परवा सराव सामन्यातही ती बेंचवर होती. मी लंच ब्रेकमध्ये ऑफिसात बसून तिच्या ईमेलवरून उत्तर पाठवलं. मला आनंद होतो की मी रुजू होत आहे, आपली नम्र, अक्षरा पेंडसे. दोन ओळी. शुद्धलेखन दोनदा तपासलं.

यात चूक काय? फॉर्म भरायचा राहिला म्हणून जागा हुकली असं या घरात कधी झालेलं नाही. कॉन्ट्रॅक्ट मिळालंच तर मेमध्ये त्यांना नाही कळवता येईल. तिला आत्ता सांगितलं तर उगाच डोक्याला ताप होईल. श्रद्धालाही बोललो नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

अक्षराचा फोन, आणि तोही मला. एरवी ती आईला करते आणि मी मागून ओरडतो. हवापाणी झालं. मग म्हणाली, "बाबा, तुला मला काही सांगायचं आहे का?" मी म्हटलं, गुडघ्याला गरम पाण्याने शेक. ती "ओके बाबा" म्हणाली. एकटी पडली असावी. फेब्रुवारीत तिकडे उजेड कमी असतो.

३ फेब्रुवारी, मंगळवार

तिचा ईमेल चार दिवस झाले उघडत नाही. पासवर्ड चुकीचा म्हणतो. आजकाल सिक्युरिटीसाठी सारखे बदलायला लावतात. चांगलंच आहे.

श्रद्धाने मधेच विचारलं, "तू अक्षूशी नीट बोललास का?" मी म्हटलं, कालच बोललो, गुडघ्याबद्दल. तिने मान हलवली आणि ड्यूटीला गेली. काय झालंय सगळ्यांना?

८ फेब्रुवारी, रविवार

नेहमीची लेफ्ट-बॅक तापाने आडवी झाली आणि अक्षरा पहिल्या अकरात. पहिली वीस मिनिटं मी बघूच शकलो नाही, स्वयंपाकघरात उभा राहून श्रद्धाकडून ऐकलं. मग बाहेर आलो.

१-० जिंकलो. अक्षरा पूर्ण नव्वद मिनिटं. चेंडू दुसऱ्या बाजूला असला की कॅमेरा तिकडे, त्यामुळे ती निम्मा वेळ चित्रातच नसते. पण समोरची टीम इकडे वळली आणि कॅमेरा धापा टाकत मागे आला, की ही आधीच तिथे उभी. दर वेळी. माझ्या डोक्यात हीथवरची ती वीस पावलं आली आणि डोळ्यांत पाणी आलं. श्रद्धाच्याही आलं. आम्ही एकमेकांना दाखवलं नाही.

१ मार्च, रविवार

सलग चौथा सामना. आता मला थोडं कळायला लागलं आहे. चांगली लेफ्ट-बॅक काही करताना दिसत नाही. समोरची विंगर, म्हणजे कडेने हल्ला चढवणारी, खूप चपळ होती, केस लाल, पहिल्या अर्ध्या तासात तिने चार वेळा अक्षराला मागे टाकायचा प्रयत्न केला. चारही वेळा अक्षराने तिला हळूहळू रेषेकडे नेलं, चेंडू घ्यायची घाई न करता. साठाव्या मिनिटाला विंगरच कंटाळली आणि दुसऱ्या बाजूला निघून गेली. कॉमेंटेटरने याबद्दल एक शब्द काढला नाही. मी ऑफिसात सोमवारी तिघांना समजावून सांगणार आहे.

२२ मार्च, रविवार

लंडनच्या पार दुसऱ्या टोकाला, इल्फर्डला, मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम. अजय पुन्हा भेटला आणि पुन्हा तेच, दुसरी डिव्हिजन म्हणजे नक्की काय असतं रे. यावेळी मी बटाटेवड्यांकडे गेलो नाही. म्हटलं, दुसरी डिव्हिजन म्हणजे पहाटे पोस्टाची पिशवी घेऊन बारा किलोमीटर चालायचं आणि संध्याकाळी देशातल्या पहिल्या तीस टीमपैकी एकीची कॅप्टन व्हायचं. म्हणजे सहा तास बसने जाऊन बरोबरी करायची, सहा तास परत यायचं आणि सोमवारी सकाळी दुसरीच्या वर्गाला बेरीज शिकवायची. तुझा मुलगा शनिवारी काय करतो?

जरा जास्त झालं. श्रद्धाने गाडीत बसल्यावर हसून घेतलं.

१४ एप्रिल, मंगळवार

क्लबने अक्षराला विचारलं आहे. आणखी दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट. अट एकच, टीम या डिव्हिजनमध्ये टिकली पाहिजे. खाली गेली तर परदेशी खेळाडू ठेवणं क्लबला झेपणार नाही, सगळे करार संपले.

फोनवर तिचा आवाज कुणीही ऐकायला हवा होता. मी अभिनंदन केलं, मनापासून केलं. ऑगस्टमध्ये मी याच बातमीला घाबरत होतो. आता टीम खाली जाईल या भीतीने मी रोज गुणांचा तक्ता उघडून बघतो.

पण खाली गेलीच तर एडिनबरा आहे. तेवढी एक व्यवस्था मी करून ठेवली आहे, तिला माहीत नसली तरी. आणि टिकली तर त्या कंपनीला तिच्या नावाने नाही कळवायचं, आणि त्यासाठी तिला सगळं सांगायला हवं. सांगायला हवं. या आठवड्यात.

२६ एप्रिल, रविवार

सांगितलं नाही. हरलो, ०-१.

१० मे, रविवार

२-२. अक्षराने कडेवरून आत मारलेल्या चेंडूवर आंकेने डोक्याने गोल केला. एक सामना उरला. आम्ही अकरावे, सत्तावीस गुण. बारावी टीम सव्वीसवर. पुढच्या रविवारी जिंकलो तर वाचलो. बरोबरी झाली तर त्या टीमने जिंकता कामा नये.

आज मी तिला सांगितलं.

सामन्यानंतर तासाभराने फोन लावला. श्रद्धा समोर बसली होती, हातातले मटार सोलायची थांबली. मी तयारी करून बोलायला लागलो आणि तयारी सगळी विसरलो. जानेवारीत तुझ्या नावाने कंपनीला हो कळवलं, तुला न विचारता, तुझ्या ईमेलवरून, माझं चुकलं, असं एका दमात म्हणून टाकलं.

मग ती म्हणाली, "मला माहीत आहे, बाबा. सेंट फोल्डरमध्ये होता. मी त्याच दिवशी बघितला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. मी विचारलं पण तुला. तू म्हणालास गुडघा शेक."

मी म्हटलं, बरं, निदान जागा तरी पक्की आहे, उद्या काही झालं तर. ती म्हणाली, नाही. दुसऱ्याच दिवशी तिने कंपनीला फोन करून सांगितलं होतं की आधीचं उत्तर चुकून गेलं, मी येत नाही. पासवर्डही तेव्हाच बदलला.

मी तारीख मोजली. तीस जानेवारी. तेव्हा ती एकेचाळीस मिनिटं खेळलेली बेंचवरची मुलगी होती. कॉन्ट्रॅक्टचं कुणी नावही काढलं नव्हतं.

"का पण, अक्षू?"

"कारण ती नोकरी तिथे असली की मी रोज ट्रेनिंगला जायची आणि मला वाटायचं, आय ॲम ऑन हॉलिडे. बाकीच्या मुली हॉलिडेवर नाही आहेत ना, बाबा. आंकेला तर दुसरा एडिनबरा नाही."

श्रद्धाला सगळं माहीत होतं, फेब्रुवारीपासून. तिने मटार पुन्हा सोलायला घेतले आणि म्हणाली, तुझी तुला वाट सापडू दे असं आमचं ठरलं होतं. तीन महिने. आमच्या घरात दोन बायका गुपित राखतात आणि मी त्यांना सिक्युरिटीबद्दल शाबासकी देतो.

मला राग यायला हवा होता. माझ्यासारख्याच्या पोटी ही कुठून आली, एवढंच मी तेव्हापासून स्वतःला विचारतो आहे. मी आयुष्यात एक बस सोडली नाही दुसरी दिसेपर्यंत.

१३ मे, बुधवार

ऑफिसात लक्ष लागत नाही. दोन ड्रायव्हर एकाच ट्रकवर लावले. आता रविवारच्या सामन्याच्या मागे तिच्यासाठी काहीही नाही, आणि हे तिला सगळा वेळ माहीत होतं. ती लाल केसांची विंगर, ती घाई न करणं, सगळं तिने असं खेळलं आहे.

१७ मे, रविवार

सामना आमच्या मैदानावर. गवताचा उतार भरलेला, हजारावर माणसं. विसाव्या मिनिटाला आमच्यावर गोल. सत्तराव्या मिनिटाला आम्ही फेडला, कॉर्नरच्या गर्दीतून, कुणाचा पाय लागला ते दिसलंच नाही. ऐंशीव्या मिनिटाला गोलकीपर पुढे आलेली असताना चेंडू रिकाम्या गोलकडे घरंगळत चालला होता, आणि चित्रात नसलेली अक्षरा कुठून तरी आली आणि तिने तो रेषेवरून काढला. खांबावर आपटली, उठली, हात वर करून सगळ्यांना पुढे जा म्हणाली. मी खुर्चीवर उभा होतो. श्रद्धा माझा शर्ट धरून होती.

१-१. शिट्टी झाली आणि कुणीच हललं नाही. दुसऱ्या मैदानावरचा, त्या बाराव्या टीमचा सामना अजून दोन मिनिटं चालू होता. सगळ्या मुली मधल्या वर्तुळात, कुणाच्या तरी फोनभोवती. कॅमेरा त्यांच्या पाठींवर. मग एकीने डोकं हातात घेतलं आणि आम्हाला कळलं. त्या टीमने जिंकलं होतं. बारावा नंबर. आम्ही खाली गेलो.

आंके गवतावर बसली ती उठेना. तिचा हा शेवटचा सामना होता. अक्षरा तिच्याजवळ जाऊन बसली, नुसती बसली, बराच वेळ. मग हात देऊन तिला उठवलं आणि दोघी उतारापाशी गेल्या, शेवटच्या रांगेपर्यंत, प्रत्येक माणसाशी हात मिळवत. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, हरलेल्या टीमसाठी, दहा मिनिटं. कुणी बंद करायला विसरावं तसा कॅमेरा चालूच राहिला. इतकं देखणं काही मी पाहिलेलं नाही.

सहाला तिचा फोन आला. रडून झालेलं होतं. पुढे काय, हा प्रश्न माझ्या जिभेच्या टोकावर होता. त्या आधीच्या अर्ध्या तासात मी मनातल्या मनात कंपनीला पत्र लिहून ठेवलं होतं, कुठल्या क्लबला लेफ्ट-बॅक हवी आहे तेही शोधलं होतं, लॅपटॉप उघडा होता. मी तो मिटला. म्हटलं, रेषेवरून काढलास तो चेंडू तुला कधी दिसला?

ती बोलायला लागली. चाळीस मिनिटं बोलली. तो चेंडू, मग विंगर, मग आंकेची पोस्टाची पिशवी, मग बेंचवरचे महिने, थंडीत पाय कसे बधिर होतात, पहिल्या अकरात नाव वाचलं तेव्हा तिने बाथरूममध्ये जाऊन काय केलं. बावीस वर्षांत तिने मला असं काही कधी सांगितलेलं नाही. मी हं, हं करत होतो. शेवटी म्हणाली, "बाबा, मी दोन आठवडे घरी येऊ? फक्त झोपायला. नंतरचं मला माहीत नाही अजून." मी म्हटलं, ये.

श्रद्धाने विचारलं, काय ठरलं? मी म्हटलं, काही नाही.

आज मी तिच्यासाठी काहीही केलं नाही. दिवसभरात सगळ्यात अवघड तेच गेलं.